आवाज माझाच आहे

१

बुधवारी दुपारी बारापर्यंत मी बोलत नाही.

गेल्या वर्षी ह्यांना दवाखान्यात हलवलं तो बुधवार होता. गाडीत बसवताना ह्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला, दोन दिवसांसाठी गावाला निघाल्यासारखा. मी घरात आले, देवापुढे दिवा लावला आणि म्हणाले, "हे घरी येईपर्यंत दर बुधवारी बारा वाजेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही." एकवीस दिवसांनी हे दवाखान्यातच गेले.

नवस फिटला म्हणावं तर हे आले नाहीत. सोडून द्यावा तर कुणाला विचारून सोडायचा. म्हणून चालू ठेवला. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, आता देवसुद्धा विसरला असेल."

"तो विसरला तर त्याचं तो बघेल," मी म्हणायचे. "शब्द मी दिलाय."

वरच्या मजल्यावर एक बाई कपडे शिवते. दिवसभर तिचं मशीन चालू असतं, म्हणून सगळा जिना तिला मशीनवाली म्हणतो. ती म्हणायची, "बुधवारी तुमच्याशी भांडायला बरं पडतं. आठवड्यातून एकदा तरी मी जिंकते."

असे नऊ महिने गेले. सकाळी दिवा, मग केरफरशी, दुपारी एकटीपुरता भात. ह्यांच्या पेन्शनचा अर्धा वाटा आमच्या दोघांच्या खात्यात जमा व्हायचा, त्यातून घरभाडं जायचं आणि उरल्यात माझं भागायचं. घर दोन खोल्यांचंच, पण तिथं ह्यांची खुर्ची होती, भिंतीवर ह्यांचं घड्याळ होतं आणि सत्तावीस वर्षांची सवय होती. तेवढं टिकावं, इतकंच मागणं आता उरलं होतं.

एका शुक्रवारी दुकानात साबण आणि तांदूळ घेतले आणि कार्ड पुढे केलं. दुकानदारणीनं ते दोनदा पदराला पुसून पुन्हा पुन्हा लावून पाहिलं.

"बँकेनंच अडवलंय, काकू. सामान न्या तुम्ही. मग बघू."

घरी येऊन मोबाइल पाहिला तर संदेश आलेला होता. सुरक्षा पडताळणीसाठी आपले खाते गोठवण्यात आले आहे.

२

घरच्या फोनवरून बँकेचा नंबर लावला. बराच वेळ एकच धून वाजत राहिली, मग एक मुलगी बोलायला आली. तिनं जन्मतारीख विचारली, मी सांगितली. आईचं माहेरचं आडनाव विचारलं, तेही सांगितलं. मग तिनं फोनवरचा पासवर्ड विचारला.

तो मला ठाऊक नव्हता. चार वर्षांपूर्वी ही फोनची सोय घेतली तेव्हा आम्ही दोघं बँकेत गेलो होतो. तिथला माणूस म्हणाला, एखादा खुणेचा शब्द ठेवा, कुणाला सुचणार नाही असा. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मिशीत हसले आणि टेबलावर वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो माणूसही हसला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंत?" तर म्हणाले, "घरी गेल्यावर सांगतो." वाटेत दूध घ्यायचं होतं, छत्रीची काडी बसवून घ्यायची होती. राहूनच गेलं.

"आठवत नाही हो," मी त्या मुलीला म्हणाले.

"असं कसं, मॅडम? परवा तर तुम्ही लगेच सांगितलात."

"परवा कधी?"

"बुधवारी. दहा वाजून वीस मिनिटांनी. त्याच्या आदल्या बुधवारीही याच वेळेला."

मी रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला, जसं काही तो कान वेगळं ऐकणार होता.

"बुधवारी सकाळी मी बोलतच नाही," मी म्हणाले.

तिकडे कळा टकटकल्या. "मॅडम, आवाज तुमचाच जुळलाय. तुम्ही शाखेत जाऊन भेटा."

३

शाखेत टोकन घेतलं आणि जमिनीला ठोकून बसवलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर बसले. माझा नंबर यायला पाऊण तास लागला. काचेमागं एक मुलगी होती, सर्दीनं बेजार झालेली, गालात लिमलेटची गोळी. तिनं माझे कागद पाहिले, मग पडद्यावर पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"काकू, घोटाळा असा आहे," ती म्हणाली. "सात महिन्यांपूर्वी तुम्ही काकांच्या मृत्यूचा दाखला आणून दिलात. आम्ही नोंद केली, त्यांचं कार्ड बंद केलं. आता गेले तीन बुधवार तुमचाच फोन येतोय, की काका घरी आहेत, कार्ड चालू करा."

"माझा फोन?"

"तुमच्या घरच्या नंबरावरून. आवाज तुमचा, उत्तरं सगळी बरोबर." तिनं गोळी या गालातून त्या गालात सारली. "एकच माणूस एकदा म्हणतो गेले, एकदा म्हणतो आहेत. मग यंत्रणा खातं गोठवून टाकते. आमच्या हातात काही नसतं त्यात."

"कुणीतरी फसवत असेल."

"तेच असणार. आजकाल फार चाललंय हे." तिनं काचेखालून एक फॉर्म सरकवला. त्यावर दोन चौकोन होते. एकापुढं लिहिलं होतं, ध्वनिमुद्रणातील आवाज माझा नाही. दुसऱ्यापुढं, आवाज माझा आहे. "पहिल्यावर खूण करायची, खाली सही. पण त्याआधी रेकॉर्डिंग ऐकावं लागतं, नाहीतर सही धरत नाहीत. मी मागवून ठेवते. सोमवारी या."

"सही केली की काय होईल?"

"तो आवाज कायमचा बंद. काकांचं नाव खात्यावरून कमी होईल, खातं तुमच्या एकटीच्या नावावर. पेन्शन चालू. आणि काकू, हे नाव आधीच कमी करून घ्यायचं असतं हो."

तो अर्ज मी सात महिने भरला नव्हता. उद्या भरू म्हणत पुढं ढकलत होते. दोघांची नावं शेजारी शेजारी असलेलं तेवढंच काय ते उरलं होतं.

४

माझ्या मुलीला सगळं सांगितलं. ती तीन तासांच्या अंतरावर राहते. कारखान्यात माल तपासायचं काम करते, आणि खोट दिसली की बाजूला काढायची ही तिची घरातही सवय.

"आई, हे चोर आहेत. आवाज चोरतात. तू कुणाशी तरी दहा मिनिटं फोनवर बोलली असशील, तेवढ्यात झालं त्यांचं काम."

"पण नंबर आपल्या घरचा कसा?"

"नंबरसुद्धा खोटा दाखवता येतो."

"आणि खुणेचा शब्द? तो तर फक्त तुझ्या बाबांना माहीत होता."

"लिहून ठेवला असेल कुठंतरी त्यांनी. तू सही कर आणि सुटी हो. नाहीतर घर सोड आणि माझ्याकडे ये. मी काय नको म्हणतेय?"

ती नको म्हणत नव्हती. पण तिच्या घरी पाणी प्यायचा पेलाही मला विचारून घ्यावा लागतो. तिथं मला कुठली वस्तू अंधारात सापडणार नाही.

शनिवार-रविवार मी घर धुंडाळलं. चोर पलंगाखाली सापडतील असं नाही, पण हाताला काहीतरी लागतं. ह्यांच्या डायऱ्या पाहिल्या, कपाटाच्या कागदाखाली पाहिलं. खुणेचा शब्द कुठंच नव्हता. घरचा फोन बाहेरच्या खोलीत असतो, खिडकीजवळच्या स्टुलावर. वायर नीट होती. मग मला शंका आली ती माझीच. बुधवारी दिव्यासमोर मी डोळे मिटून बसते, त्यातला अर्धा तास कुठं जातो ते मला दरवेळी सांगता येत नाही. मीच उठून बोलत असेन तर? दवाखान्यात मला एक बाई भेटली होती, तिचा मुलगा गेला होता आणि ती रोज त्याचा डबा भरून शाळेच्या फाटकाशी ठेवून यायची. दुःख माणसाकडून काय वाटेल ते करवून घेतं.

पण त्या बाईला डबा भरलेला आठवायचा. मला काहीच आठवत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी मी ह्यांच्या घड्याळाखाली उभी राहिले. दर रविवारी हे त्याला किल्ली द्यायचे. ते नऊ महिन्यांपासून चार वाजून दहा मिनिटांवर थांबलं होतं आणि मी त्याला हात लावला नव्हता.

५

सोमवारी बँकेतल्या मुलीनं मला आत एका अरुंद खोलीत नेलं. जुन्या फायलींचे गठ्ठे, एक टेबल, भिंतीतला पंखा. माझ्या कानांवर हेडफोन बसवून ती म्हणाली, "मी बाहेरच आहे. झालं की काच वाजवा."

आधी नुसती खरखर होती. मग मी.

"हॅलो, हां, बोला. मीच बोलतेय."

माझाच आवाज, यात काही वाद नव्हता. पण त्यात एक घाई होती, गॅसवर दूध ठेवून आलेल्या बाईची. नऊ महिन्यांत मी कशाचीच घाई केलेली नव्हती. ती बाई सांगत होती की ह्यांचं कार्ड दुकानात चालत नाही, कुणीतरी भलताच कागद नेऊन दिलाय, जरा बघा. मागं नळ गळत होता. आमच्याच नळासारखा, दोन थेंब लागोपाठ आणि मग विसरल्यासारखा थांबणारा. मग घड्याळानं साडेदहाचा ठोका दिला. ठोका द्यायच्या आधी आमचं घड्याळ आतून घसा खरवडतं. हेही खरवडलं.

मग खोकला आला. दोन आखूड, एक लांब आणि शेवटी 'हं', स्वतःचंच म्हणणं पटल्यासारखं.

"अहो, औषध टेबलावरच ठेवलंय," ती म्हणाली. मग फोनमध्ये, "हं, काय म्हणालात? पासवर्ड? थांबा, ह्यांनाच विचारते. अहो, तो शब्द काय हो आपला, बँकेचा?"

लांबून, खुर्चीच्या बाजूनं, ह्यांचा आवाज आला. "अगं..."

आणि त्यावर एक लांबलचक शिट्टी. ती संपली तेव्हा दोघंही हसत होती.

मी काच वाजवली. मुलगी आत आली.

"इथं मध्येच काहीतरी कापलंय."

"पासवर्ड पुसून टाकतात, काकू. सुरक्षेसाठी." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "पाणी देऊ का? आवाज तुमचा नाही ना?"

"पुन्हा एकदा लावाल?"

तिनं लावलं. मग पुन्हा लावलं. मी चार वेळा ऐकलं. चारही वेळा 'अगं', आणि शिट्टी. पाचव्यांदा तिनं हळूच हेडफोन माझ्या कानांवरून काढून घेतले. तिचा आवाज आता मऊ झाला होता.

"माझे आजोबा गेले तेव्हा आजी असंच करायची," ती म्हणाली. "त्यांचा फोन लावायची, नुसती घंटी ऐकायला. सही करून टाका काकू."

"शुक्रवारी करते."

"शुक्रवार शेवटचा. त्यानंतर खातं कायमचंच बंद होईल."

६

बुधवारी मी मशीनवालीला सोबतीला बोलावलं. तिला सगळं सांगितलं नाही. कुणीतरी माझा फोन वापरतंय असं वाटतं, जरा बसा, एवढंच आदल्या दिवशी म्हणाले. साडेनऊलाच ती टाचायचे कपडे घेऊन आली आणि ह्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसली.

"तुम्ही गप्प आणि मी एकटी बोलणार. लग्नानंतर पहिल्यांदाच हा योग आला," ती म्हणाली.

उजेड चांगला होता. रस्त्यावर नेहमीचे आवाज होते, कुणीतरी गाडी धूत होतं. दिव्यासमोर मी बसले नाही, फोनकडे बघत बसले. दहा वाजले, मग सव्वादहा. फोन स्टुलावर होता. कुणी त्याला हात लावला नाही.

दहा पंचवीसला मशीनवाली म्हणाली, "बघा, काही नाही. हे बँकवाले उगाच लोकांना घाबरवतात."

मला बरं वाटायला हवं होतं. मी उठले आणि रिसीव्हर उचलून कानाला लावला, उगीच, खात्रीसाठी. नेहमीची गुणगुण तिथं नव्हती. तिथं एक खोली होती. खोलीचा आवाज ओळखता येतो. नळ गळत होता. पेपरचं पान उलटल्याचा आवाज झाला.

"औषधं परवा संपतायत हो," माझा आवाज बोलत होता. घाई नव्हती आता, काकुळती होती. "तुम्ही खातंच बंद करून ठेवलंत. कोण ती बाई दाखला घेऊन आली, तिचं ऐकलंत आणि माझं ऐकत नाही. हे इथं माझ्यासमोर बसलेत. पेपर वाचतायत. अहो, ऐकलंत का, बँक म्हणते तुम्ही गेलात."

लांबून हे हसले. मग खोकले.

माझा हात कधी स्टुलाच्या कडेला गेला कळलं नाही. स्टूल करकरलं.

"एक मिनिट," ती म्हणाली. "लाईनवर कुणीतरी आहे. कोण आहे?"

मी ओठ घट्ट मिटून घेतले. बाराला दीड तास होता. एक शब्द बोलले असते तर ह्यांना ऐकू गेला असता. त्यांनी तिकडून 'कोण गं' विचारलं असतं. बोलावं असं फार वाटलं.

मग ती अगदी हळू, बँकेला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "तुम्हीच का त्या?"

मी श्वास घेतला, तो तिला ऐकू गेला असावा.

"माझं काही चुकलं असेल तर पदरात घ्या," ती म्हणाली. "पण ह्यांना परत नेऊ नका हो. किती मागून मिळालेत मला."

मशीनवालीनं माझ्या हातातून रिसीव्हर घेतला, कानाला लावला, हलवून पाहिला. "नुसती खरखर आहे," ती म्हणाली. आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिनं टाचण्याचे कपडे बाजूला ठेवले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुपारी मुलीचा फोन आला. "सकाळी कुणाशी बोलत होतीस गं? दहापासून लावतेय, सारखा एंगेज. बुधवार असून?"

७

त्या रात्री आणि पुढच्या रात्रीही मी झोपले, म्हणजे पडून राहिले. पहाटे दिव्यात तेल घालताना मला जे कळायचं ते कळलं. ती बुधवारी सकाळी बोलते, कारण तिला आता गप्प राहायचं कारण नाही. तिचा नवस फिटलाय. तिचे हे घरी आलेत.

मी देवाला म्हणाले होते, हे घरी येऊ देत. कुणाच्या घरी, ते सांगायचं राहिलं. त्यानं दिलेलं दान योग्य जागी पोचलं नाही असं मी कशी म्हणू? पोचलं होतं. तिनंही माझ्यासारखाच दिवा लावला असणार, तेच शब्द बोलली असणार. एका बाईला फळलं.

अर्थात मी वेडीही झाले असेन. तेही मी धरून चालले. वेडी झाले असेन तर सही केल्यानं माझं घर वाचेल आणि कुणाचंच काही जाणार नाही. आणि वेडी नसेन तर सही केल्यावर तिकडे कुठंतरी औषधाची बाटली रिकामी होईल, आणि ही खुर्ची रिकामी झाली तशी तिथलीही होईल. दोन्हीकडे माझाच हात.

शुक्रवारी मी सगळ्यात पहिलं टोकन घेतलं.

"दुसऱ्या चौकोनावर खूण केली तर काय होतं?" मी विचारलं.

काचेमागच्या मुलीची सर्दी उतरली होती. तिनं फॉर्म स्वतःकडे वळवून वाचला, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा. "मग मृत्यूची नोंद मागे घेतली असं धरतील. चौकशी चालू राहील, पण तोवर खातं पहिल्यासारखं सुरू होईल, त्या पासवर्डवर. काकू, तुम्हाला तर पासवर्ड माहीत नाही. तुम्हाला ते चालवताच येणार नाही. पेन्शनही थांबेल."

"फोनवरून चालेल ना पण? काही घ्यायचं असेल, औषधबिवषध?"

"जो फोन करतोय त्याला चालेल." ती पुढे वाकली. "काकू, खोटं लिहू नका. अंगाशी येईल."

"खोटं कसं? तुमच्या यंत्रानंच सांगितलंय," मी म्हणाले. "आवाज माझाच आहे."

मी खूण केली. खाली सही केली. मुलीनं शिक्का मारायच्या आधी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तिनं मारला.

बाहेर आल्यावर पायरीवर जरा बसले. सत्तावीस वर्षांचं घर एका खुणेवर गेलं होतं. तरी छाती हलकी झाली होती, जेवणाचं ताट कुणालातरी वाढून झाल्यावर होते तशी.

८

घर सोडायचं तर आधी सांगायला हवं. घरमालक तळमजल्यावर राहतात. ह्यांना शेवटचं नेलं तेव्हा पुढचा खांदा त्यांचा होता. मी त्यांना म्हणाले, महिनाअखेरीस खोल्या रिकाम्या करते.

त्यांनी चष्मा वर केला. "कसल्या रिकाम्या? भाडं तर परवा दोघं येऊन देऊन गेलात. आणि त्यांना जिना उतरवत जाऊ नका हो. मी येत जाईन वर."

जिन्यात मशीनवाली भेटली. तिच्या हातावर एक पँट होती, ह्यांची राखाडी. ती पँट मी सहा महिन्यांपूर्वी देऊन टाकली होती.

"कंबर दोन इंच आत घेतलीय," ती म्हणाली. "फार बारीक झालेत भाऊजी. पण रंग बरा आहे आता. रविवारी आणून देते खाली."

"ही पँट कुणी दिली तुम्हाला?"

"घ्या. स्वतःच दिलीत की काल." ती हसली. "बुधवारचं मौन सुटलं आणि डोकंही सुटलं वाटतं."

मी तिला हाताला धरून विचारणार होते की त्या बुधवारी तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात ते तरी आठवतं का. पण ती आधीच पायऱ्या चढत होती आणि पँट माझ्या अंगाला घासत ती निघून गेली, बाजूला न होता, भिंतीजवळून जावं तशी.

संध्याकाळी मुलीला फोन लावला.

"आता काय राहिलं सांगायचं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं. मी किती दिवसांत ते ऐकलं नव्हतं. "आत्ताच तर बोललो ना आपण. रविवारी येतेय म्हटलं ना. ठेव, आई."

मी ठेवला.

९

रविवारी दुपारी मी आतल्या खोलीत सामान बांधत होते. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं, पण बांधायला काही हरकत नव्हती. दोन साड्या, चष्मा, देवाजवळची वात-काडेपेटी. ऊन खिडकीतून पलंगावर आलं होतं. मी चादरीची घडी घातली आणि थांबले.

बाहेरच्या खोलीचं दार वाजलं. मुलगी आली होती. तिच्या चपला काढायच्या आवाजानं मी तिला ओळखते, एक इथं आणि एक तिथं.

"बाबा, उठू नका. मी येतेय ना तिथंच."

तिच्या बोलण्यात आश्चर्य नव्हतं. रोजचं बोलतात तसं ती बोलली. एक पिशवी ठेवल्याचा आवाज झाला. खुर्ची करकरली.

"एवढी फळं कशाला आणलीस? दोन माणसं आम्ही," माझा आवाज म्हणाला.

"बाबांसाठी आहेत. तुला नाहीत."

"बघा, बघा. मी आपली फुकटची."

सगळे हसले. मी आत चादर छातीशी धरून उभी होते आणि माझ्याही तोंडावर हसू आलं होतं, ते मला हातानं चाचपून कळलं. जावं बाहेर, दारातून नुसतं पाहावं, असं वाटलं. पण मी गेले तर त्या खोलीत आम्ही दोघी झालो असतो, आणि मुलगी मधोमध. खोट दिसली की बाजूला काढायची तिची सवय. कुणाला बाजूला काढायचं, ते तिला कळलं नसतं. मला तिला त्या पेचात घालायचं नव्हतं.

मग पावलं आली. सावकाश, एक पाय किंचित ओढत, भिंतीला हात टेकत. आजारपणाआधी हे असं चालत नसत. हे नवीन होतं, आजारातून उठलेल्या माणसाचं. मी ते कधी ऐकलेलं नव्हतं.

दार वीतभर उघडलं. चौकटीवर हात आला. नखं वाढलेली नव्हती, कुणीतरी नीट कापत होतं. मग बाही, मग अर्धा गाल, दोन दिवसांची पांढरी दाढी, आणि एक डोळा. तो खोलीवरून फिरला, पलंगावर आला, बांधलेल्या बोचक्यावर, आणि मग माझ्यावर थांबला.

मी हलले नाही. सत्तावीस वर्षांत ह्यांनी मला खूप वेळा पाहिलं होतं, पण इतका वेळ नाही.

"कोण आहे हो आत?" बाहेरून तिनं विचारलं. आवाज हलका होता, पण त्याच्या तळाशी भीती होती. ती माझ्याशिवाय कुणालाही कळली नसती.

ह्यांचे ओठ जरासे हलले. मला वाटलं, आता 'अगं' म्हणतील.

"कोणी नाही गं," हे वळून म्हणाले.

आणि झोपलेल्या माणसावर लावतात तसं, कडी वाजू नये म्हणून ती बोटानं उचलून धरत, ह्यांनी दार लावून घेतलं.